मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि सर्वांच्या तारणाचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं ख्रिस्ती ग्रंथकारांचा विचार बहुधा दोन दृष्टींनीं केला आहे. एक भाषेच्या व दुसरी चरित्राच्या. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणांतील ओवी, रेव्हरंड टिळकांची भक्तिपर कविता, लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांतील बोलकें गद्य यांची वाखाणणी पुष्कळ झाली, व ती योग्यच झाली. परंतु या परंपरेंतील लेखकांच्या अंतःकरणास जो प्रश्न सतत टोंचत होता, त्याची चिकित्सा त्या मानानें थोडी झाली आहे असें आम्हांस वाटतें. देवाचें प्रेम खरोखर सर्वांसाठीं आहे काय, आणि असल्यास ज्यांच्या कानीं ख्रिस्ताचें नांव कधीं पडलेंच नाहीं त्यांची गति काय, हा तो प्रश्न होय. तो त्यांनीं पाश्चात्त्य पंडितांकडून उसना घेतला नाहीं. तो त्यांच्या स्वतःच्या घरांतून उठला. म्हणूनच त्यांच्या उत्तरांस केवळ धर्मशास्त्राचें नव्हे, तर वाङ्मयाचें मोल आलें आहे.

या वादांत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते निराळे न केल्यामुळें पुष्कळशी चर्चा व्यर्थ जाते. तारणाचें दार सर्वांस उघडें आहे काय, हा पहिला. तें दार पाहण्याची संधि सर्वांस मिळते काय, हा दुसरा. अखेर सर्वजण त्या दारांतून आंत येतील काय, हा तिसरा. युरोपांत या तिहींवरही वाद झाले. तिसऱ्या शतकांत ओरिजेन या अलेक्झांड्रियाच्या आचार्यानें, दंडाचा अग्नि हा शुद्ध करणारा आहे व शेवटीं सर्व सृष्टि देवाकडे परत जाईल, अशी आशा मांडली. पांचव्या शतकांत ऑगस्टीननें अशा मताचें जोरानें खंडन केलें, व सहाव्या शतकांत चर्चनें तें निषिद्ध ठरविलें. पुढें १६१८–१९ मध्यें हॉलंडांतील डॉर्ट येथील धर्मसभेनें, ख्रिस्ताच्या मरणाचें तारक फळ ईश्वरानें निवडलेल्यांसच लाभतें, असें ठरवून पहिल्या प्रश्नाचें उत्तरही संकुचित केलें. आणि अठराव्या शतकांत जॉन वेस्ली यानें त्या संकोचाविरुद्ध आवाज उठविला. महाराष्ट्रांत जे मिशनरी आले ते या सर्व वादांचें ओझें बरोबर घेऊनच आले.

येथें मात्र कालक्रमानें तिसरा प्रश्न प्रथम उठला, आणि तें स्वाभाविकच होतें. धाराशीव जिल्ह्याच्या परंडे तालुक्यांत सोनारी हें गांव आहे. तें काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठीं प्रसिद्ध आहे. काळभैरव म्हणजे काशीचा कोतवाल. काशींत देह ठेवणाऱ्यास मुक्ति मिळते अशी परंपरागत श्रद्धा आहे. मग तेथें मरणाऱ्या पाप्याचें काय? त्याचेंही उत्तर परंपरेनें दिलें आहे. त्यास भैरवी यातना भोगाव्या लागतात. अनेक जन्मांचें फळ अल्प काळांत भोगून होतें, आणि मग तो सुटतो. या कल्पनेंत दंड आहे, आणि तो भयंकर आहे. परंतु त्यास शेवट आहे. अशा देवापुढें हात जोडणाऱ्या मनुष्यास पाप म्हणजे काय व शिक्षा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. त्यास अपरिचित अशी गोष्ट एकच, ती म्हणजे कधींही न संपणारा नरक. ओरिजेनचें नांवही न ऐकलेल्या खेड्यांत ओरिजेनच्या आशेसारखी एक आशा पूर्वींपासून नांदत होती, हें ध्यानांत घेतल्याशिवाय या वादाचें मर्म कळणार नाहीं.

याच काशींत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे हे कोंकणस्थ ब्राह्मण घराण्यांतील पंडित. जॉन म्यूर यांनीं १८३९ मध्यें मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचें श्रेष्ठत्व प्रतिपादिलें. त्यास ज्यांनीं संस्कृतांत उत्तरें दिलीं, त्यांपैकीं सोमनाथ या नांवानें लिहिणारे पंडित म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू हे महाराष्ट्रीय ज्योतिषीच होत, असें संशोधकांचें मत आहे. त्यांचें धोरण समेटाचें. ज्याचा जो मार्ग तो ईश्वरानेंच त्यास दिला आहे, असा त्यांचा आशय. तरुण गोरे यांनीं १८४४–४५ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहिला, तो मात्र समेटाचा नव्हे, झुंजीचा ग्रंथ आहे. परिमित पापास अपरिमित शिक्षा देणारा ईश्वर दयाळू कसा, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप. आणि हाच आक्षेपक १८४८ मध्यें जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतो, व पुढें ब्राह्म आणि प्रार्थनासमाजी मंडळींशीं वाद करतांना, शिक्षा ही केवळ सुधारणेसाठीं असते हें त्यांचें मत खोडून काढतो!

या पालटास कोणी विसंगति म्हणतील. आम्ही म्हणत नाहीं. गोरे यांच्या गद्यांत रस नाहीं. त्यांची वाक्यें नैयायिकाच्या अनुमानासारखीं एकापुढें एक उभीं राहतात. परंतु ज्या मनुष्यानें अनंत नरकाविरुद्ध सर्वांत कठोर युक्तिवाद स्वतः रचला, त्यास तोच सिद्धान्त पुढें स्वतःच्या तोंडानें मांडावा लागला, तेव्हां त्याच्या लिखाणांत सुखासीन उपदेशकाचा सूर येणें शक्य नव्हतें. पापाचें गांभीर्य कमी केल्यास क्रूसाचें प्रयोजनच उरत नाहीं, ही त्यांची खरी भीति होती. ती भीति कृपण नव्हे. ती न्यायाची चाड आहे.

दुसरा प्रश्न अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, उठला. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें तेथें १८३१ मध्यें स्थापन झालें. मुंबईस १८४७ मध्यें जन्मलेले रॉबर्ट ह्यूम हे १८७४ पासून तेथें काम करीत होते. नव्या धर्माचा उपदेश ऐकणाऱ्या गांवकऱ्याच्या मनांत पहिली शंका येई ती स्वतःविषयीं नव्हे, तर पितरांविषयीं. मी आज ऐकलें म्हणून तरलों, असें धरलें तरी माझ्या आजोबांस कोणी सांगितलें होतें? ज्या समाजांत वर्षश्राद्ध चुकूं नये म्हणून कर्ज काढतात, त्या समाजांत ही शंका वितंडवादाची नसून कृतज्ञतेची असते. ह्यूम १८८६ मध्यें रजेवर अमेरिकेंत असतां अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाच्या एका समारंभांत त्यांनीं या अडचणीचा उल्लेख केला, आणि ज्यांस या जन्मीं ख्रिस्त कळला नाहीं त्यांस मरणोत्तर संधि मिळेल, या अँडोव्हरकरांच्या कल्पनेविषयीं सहानुभूति दाखविली. त्या कल्पनेचें बीज साधें होतें. प्रेम सर्वांसाठीं असेल तर संधिही सर्वांस असली पाहिजे. परंतु एवढ्यावरून बोर्डाच्या कार्यकारी समितीनें त्यांचें हिंदुस्थानास परतणें रोखून धरलें. त्याच वर्षीं बोर्डाच्या वार्षिक सभेंत या मतावर तुंबळ वाद झाला, आणि १८८७ मध्यें ह्यूम यांस परत येण्याची मोकळीक मिळाली.

या प्रकरणाचा अर्थ आम्ही असा करतों. शिकवावयास आलेले लोक येथें येऊन एक प्रश्न शिकले, आणि नगर जिल्ह्यांतल्या श्रोत्याची शंका बोस्टनच्या कचेरींत जाऊन बसली. पुढें १९६४ मध्यें रोमन चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, स्वतःचा दोष नसतां ज्यांस सुवार्ता कळली नाहीं, परंतु जे अंतःकरणपूर्वक देवाचा शोध करतात, त्यांसही तारण मिळूं शकतें, असें अधिकृतपणें मान्य केलें. पंथ निराळा, भाषा निराळी. पण शंका तीच.

पहिला प्रश्न पंडिता रमाबाईंनीं जितका ठाम विचारला तितका दुसऱ्या कोणीं विचारला असेल असें वाटत नाहीं. पुण्यास गोरे यांच्याशीं त्यांची धर्मचर्चा झाली होती. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु गुरूचा मार्ग त्यांनीं डोळे मिटून धरला नाहीं. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारांत, एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून सुटून दुसऱ्याच्या जोखडांत मान देण्यास त्या साफ नकार देतात. आपल्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, धर्मशास्त्रें वाचतांना तीं परस्परांत किती विसंगत आहेत हें दिसलें. पण स्त्रियांची निंदा व त्यांस पुरुषांप्रमाणें मोक्षाचा अधिकार नसणें, या गोष्टींवर मात्र सर्वांचें एकमत आढळलें. पुढें लंडनजवळ फुलहॅम येथें पतित मानलेल्या स्त्रियांस जोगिणी मायेनें संभाळीत असल्याचें त्यांनीं पाहिलें, आणि ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दार उघडें असल्याची त्यांची खात्री झाली.

येथें एक खुलासा केला पाहिजे. रमाबाई सर्वमुक्तिवादी नव्हत्या. उत्तरायुष्यांत तर त्यांची निष्ठा बरीच कडक झाली. दार सर्वांस उघडें आहे एवढेंच त्यांचें म्हणणें; सर्वजण आंत येतीलच असें नव्हे. परंतु दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलींसाठीं केडगांवास जें आश्रयस्थान त्यांनीं उभारलें, त्यास त्यांनीं मुक्ति हें नांव दिलें. या एका शब्दांत सर्व वाद खाली जमिनीवर उतरतो. ज्या मुलीस अन्न नाहीं, नांव नाहीं, तिच्यापर्यंत जें तारण पोंचत नाहीं तें सर्वांसाठीं आहे असें म्हणण्याचा अधिकार कोणास?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, व नगरास ह्यूम यांच्या सहवासांत काम केलें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. हें खरें मानल्यास तुकारामास दाराबाहेर ठेवणें त्यांस अशक्य होतें. १९१७ मध्यें त्यांनीं देवाचा दरबार काढला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य एकत्र यावे अशी योजना होती. त्यांच्या कवितेची मोहिनी याच उदारतेंत आहे. ख्रिस्त त्यांच्या ओळींत परका पाहुणा म्हणून येत नाहीं, घरचा वडील म्हणून येतो. तथापि, टिळकांविषयींचा सर्व आदर मनांत धरूनही, एक उणीव दाखविणें समालोचकाचें कर्तव्य आहे. त्यांच्या भक्तिकाव्यांत प्रेम अपार आहे, पण न्यायासनाची छाया फारशी पडत नाहीं. सर्वांस सामावणारें प्रेम गातांना, ज्यानें दुसऱ्याचा घांस हिरावला त्याचें काय, हें विचारावयाचें राहून जातें. जेथें भैरव दंड घेऊन उभा आहे तेथील साधा यात्रेकरूही हें विचारल्याशिवाय राहत नाहीं.

तात्पर्य, गोरे यांच्यापाशीं न्याय आहे पण आशा थोडी. टिळकांपाशीं आशा आहे पण न्यायाची चर्चा थोडी. रमाबाईंच्या गद्यांत अन्यायाची चीड आणि प्रेमाची खात्री एकत्र नांदतात, म्हणून या विषयावरील मराठी माणसाचें सर्वांत सकस लिखाण आम्ही त्यांचें मानतों. मात्र तिसऱ्या प्रश्नापाशीं त्याही थांबतात. दंड खरा आहे व तरीही शेवटचा शब्द त्याचा नाहीं, असें सांगणारी कल्पना काशीच्या परंपरेनें या लेखकांच्या पूर्वजांस दिली होती. ओरिजेननें तीच वाट दुसऱ्या देशांत चोखाळली होती. या दोहोंची भेट मराठींत घडवून आणणारा ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं. तो लिहिणाऱ्यानें आजोबांच्या गतीविषयीं विचारणाऱ्या त्या श्रोत्यास समोर बसवून लिहावा. कारण त्याचें समाधान होईल असें उत्तर अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.