संमतीचें गद्य

कायद्याचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत करण्याचा प्रघात नाहीं, आणि तो पाडण्याची माझीही इच्छा नाहीं. परंतु आज पुण्यांतील कोणत्याही सुशिक्षित घरांत कादंबरीचीं जितकीं पानें उलटलीं जातात, त्यांच्या कितीतरी पट अधिक पानें मोबाईलच्या कांचेवरून न वाचतां वर सरकविलीं जातात. तीं पानें म्हणजे ‘अटी व शर्ती’ आणि ‘गोपनीयता धोरण’. बँक, औषधांचें दुकान, रेल्वेचें तिकीट, नातवाची शाळा, यांपैकीं कोणाशींही व्यवहार करावयाचा म्हणजे या गद्याचा उंबरठा ओलांडावा लागतो. त्याच्या शेवटीं एक चौकोन असतो, आणि त्यांत खूण केली कीं आपण करारावर सही केली असें धरलें जातें. ज्या गद्याखालीं इतक्या मराठी माणसांची सही आहे, त्याचें एकदां तरी गद्य म्हणून परीक्षण व्हावयास नको काय?

या लेखाचें निमित्त घरगुती आहे. माझी मावशी शनिवार पेठेंत राहते. वय बहात्तर, त्यांपैकीं तीस वर्षें तिनें शाळेंत मराठी शिकविण्यांत घालविलीं. मधुमेहाचीं औषधें घरपोंच यावींत म्हणून मी तिच्या मोबाईलवर एका औषधविक्रेत्याचें ॲप घालून दिलें, आणि सवयीनें तिच्या वतीनें चौकोनांत खूण करूं लागलों. तिनें माझा हात धरला. “अरे, ‘सहमत आहे’ म्हटल्याशिवाय पुढें जातांच येत नाहीं, तर मग हे विचारतात कशाला?” मी म्हणालों, सगळेच दाबतात. ती म्हणाली, “प्रगतिपुस्तकावर न वाचतां सही करणाऱ्या बापांना मी शाळेंत परत बोलावीत असें.” आणि तिनें तें सबंध मराठी धोरण वाचावयास घेतलें. दुपार गेली. संध्याकाळीं वहींत कांहीं वाक्यें उतरलेलीं होतीं आणि त्यांखालीं तांबड्या शाईच्या रेघा होत्या. पुढील विवेचनाचें बरेंचसें भांडवल त्या वहींतलें आहे.

या गद्याचा आरंभ नेहमीं मंगलाचरणानें होतो: “आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो.” ही नांदी झाली, पुढील नाटकाशीं तिचा संबंध असतोच असें नाहीं. खरें कथानक सुरू होतें तें अशा वाक्यानें: “आपली माहिती आमच्या सहयोग्यांसोबत सामायिक केली जाऊ शकते.” व्याकरणाच्या दृष्टीनें वाक्य निर्दोष आहे, पण त्यांत कर्ता नाहीं. कोण देणार, कोणाला देणार, केव्हां देणार? कर्मणि प्रयोगाच्या आड कर्ता दडला, आणि ‘शकते’ या एका क्रियापदानें वचनही टळलें व कबुलीही टळली. मावशीची सर्वांत जाड रेघ ‘सामायिक’ या शब्दाखालीं होती, आणि ती रास्त आहे. ज्याचें बालपण पुण्याच्या वाड्यांत गेलें त्याला हा शब्द चांगला ठाऊक असतो. सामायिक भिंत, सामायिक नळ, सामायिक जिना: जें सामायिक असतें त्यावर प्रत्येकाचा हक्क चालतो, आणि दुसऱ्याला न विचारतां कोणी त्या भिंतीला खिळाही मारीत नाहीं, मारला तर भांडण होतें. या धोरणांत मात्र माहिती ‘सामायिक’ होते म्हणजे ज्याची ती, त्याला वगळून इतर सर्वांची होते. भाषांतरकारानें कोशांतला पहिला प्रतिशब्द उचलला, आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत ज्या शब्दानें धाकट्या भावाचें रक्षण केलें, तोच येथें हक्क काढून घेण्याच्या कामीं आला. “सेवा सुधारण्यासाठी” हा दुसरा आवडता वाक्प्रयोग. त्याखालीं मावशीनें एवढेंच लिहिलें होतें: “कोणाची?”

शब्दांना मांडणीचीही साथ असते. होकाराची कळ मोठी व रंगीत, नकाराची बारीक आणि फिक्कट. या फसव्या रचनांविषयीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांत तेरा प्रकार नांवनिशीवार सांगितले आहेत. खोटी घाई लावणें, ग्राहकाच्या टोपलींत न मागितलेली वस्तु हळूच टाकणें, वर्गणीच्या सांपळ्यांत अडकवणें, नकार देणाराला लाजविणें. यांतील शेवटच्या प्रकाराचें तेथील उदाहरण असें कीं, विमानाचें तिकीट काढणारानें विमा नाकारला तर त्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाचें वाक्य आपल्या तोंडीं घालून घ्यावें लागतें. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं अलंकारांचीं आणि काव्यदोषांचीं वर्गीकरणें करण्यांत शतकें घालविलीं. त्यांना ही यादी पाहून धन्य वाटलें असतें. एका सरकारी कचेरीनें कपटाच्या अलंकारांचें शास्त्र लिहिलें, ही थट्टा नाहीं. ज्या दोषाला नांव मिळतें, तो दाखवितां येतो.

कायद्याच्या जगांत शब्दांची चिकित्सा किती दूरवर जाते, याचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीनें त्यांना पसंतीची खूण केली, आणि दोघींनाही अटक झाली. त्यांच्यावर लावलेलें माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ६६अ हें कलम ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा शब्दांवर उभें होतें. कोणाला कशाचा त्रास होईल हें कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत तें कलम रद्द केलें, आणि त्याच्या कारणांत या शब्दांची संदिग्धता हें एक मोठें कारण होतें. न्यायमूर्तींनीं तेथें जें केलें तें टीकाकाराचेंच काम होय: शब्द उलटासुलटा करून पाहिला, आणि आंत पोकळी आढळली.

गोपनीयतेचा प्रश्न त्याच न्यायालयापुढें २०१७ सालीं आला. नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालांत न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं आणीबाणीच्या काळांतील, १९७६ सालचा, आपल्या वडिलांचा निर्णय चुकीचा ठरविला. ते वडील, यशवंतराव चंद्रचूड, पुण्यांत जन्मलेले. त्या निकालाच्या पोटीं पुढें सहा वर्षांनीं, ऑगस्ट २०२३ मध्यें, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि सूचना व संमति यांविषयींचीं कलमें अमलांत येण्यास तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली.

हा कायदा वाचतांना मला, खरें सांगावयाचें तर, आनंद झाला. संमतीला त्यानें पांच विशेषणें लावलीं आहेत: ती मुक्त हवी, विशिष्ट हवी, माहितीपूर्वक हवी, बिनशर्त हवी, निःसंदिग्ध हवी. जितक्या सहजपणें संमति देतां येते तितक्याच सहजपणें ती परत घेतां आली पाहिजे. विशेष म्हणजे संमतीची मागणी स्वच्छ व सोप्या भाषेंत असावी, आणि ती इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय असावी. आठव्या परिशिष्टांत मराठी आहे. म्हणजे सोप्या मराठींत सांगणें ही आतां दुकानदाराची मेहेरबानी राहत नाहीं. कायद्यांत उदाहरणेंही आहेत, आणि त्यांतलें एक मावशीच्या प्रसंगाला अगदीं लागू पडतें: दूर बसलेल्या वैद्याचा सल्ला देणारें ॲप रुग्णाच्या मोबाईलमधील सगळ्या ओळखींची यादीही मागतें, रुग्णानें दोन्हीला होकार दिला तरी यादीला दिलेला होकार निष्फळ, कारण औषधोपचाराला ओळखींच्या यादीची गरज नाहीं. या कायद्याच्या इंग्रजी मूळ संहितेंत सर्व माणसांसाठीं स्त्रीलिंगी सर्वनाम योजलें आहे, आणि त्याचें फार कौतुक झालें. मराठींत ‘व्यक्ति’ हा शब्द मुळांतच स्त्रीलिंगी असल्यामुळें आपल्याकडे हा क्रांतिकारक बदल कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं.

पण आनंद येथेंच अडतो, आणि तो कां अडतो हें सांगण्यासाठीं पुणें जिल्ह्याच्याच जुन्या इतिहासांत जावें लागेल. न वाचलेल्या कागदावरची सही हा प्रश्न मोबाईलनें जन्माला घातलेला नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुपें गांवीं कुळांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना सोनेंनाणें नको होतें. रोखे, खतें आणि वह्या हव्या होत्या, आणि त्या हातीं येतांच त्यांनीं जाळल्या. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें दिले तेथें बहुधा कोणाला इजा झाली नाहीं. दंगे पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी झाली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संकटनिवारणाचा कायदा आला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनीं पुढें त्या कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम केलें.

तो कायदा दोन पायांवर उभा होता. शेतकऱ्याच्या नांवें होणारा दस्त गांवच्या नोंदणी-कामगाराच्या देखरेखीखालीं लिहिला जावा व तो पक्षकारांना वाचून दाखवावा, हा पहिला. दुसरा असा कीं, दावा उभा राहिला तर न्यायाधीशानें केवळ कागदावर विसंबूं नये. व्यवहार कोठून सुरू झाला, मुद्दल किती, व्याज किती, हें सर्व मुळापासून उकरून पाहावें. कागद वाचून दाखविल्यानेंच न्याय होईल, असा भाबडेपणा त्या कायद्यांत नव्हता. ज्याला पैशाची निकड आहे तो वाचूनही सही करतो, हें त्याला ठाऊक होतें. म्हणून सहीच्या पाठीमागें जाण्याची मोकळीक त्यानें ठेवली.

नव्या कायद्यानें पहिला पाय टाकला आहे. दुसऱ्याचें काय? माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत ४३अ हें एक कलम आहे. ज्या कंपनीनें लोकांची नाजूक माहिती सांभाळण्यांत हयगय केली, तिनें नुकसान सोसणाऱ्याला भरपाई द्यावी, असें तें सांगतें. हें कलम काढून टाकण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यांत आहे. त्याऐवजीं आला तो दंड. हयगयीबद्दल तो अडीचशें कोटी रुपयांपर्यंत जाऊं शकतो, आणि तो सारा सरकारच्या संचित निधींत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातीं त्यांतला एक पैसाही पडत नाहीं. उलट, खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केली असें ठरलें तर त्याच्यावरच दहा हजार रुपयांपर्यंत दंड बसूं शकतो. मंडळाच्या अखत्यारींतील विषयांत दिवाणी न्यायालयाचें दारही बंद आहे.

भरपाई म्हणजे काय, हें पुण्यानें पाहिलेलें आहे. पूना ऑटो ॲन्सिलरीज या पुण्याच्या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेंतील खात्यांतून भामट्यांनीं ८० लाख १० हजार रुपये उचलले. कंपनीच्या प्रमुखानें बनावट ई-मेलला उत्तर दिलें होतें. म्हणजे चूक त्याचीही होती. २०१३ सालीं राज्याचे माहिती-तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनीं निवाडा अधिकारी या नात्यानें प्रकरण मुळापासून तपासलें, आणि ती चूक जमेस धरूनही बँकेनें ४५ लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. कोणाची किती हयगय हें तोलून पाहणें म्हणजे १८७९ च्या दुसऱ्या पायाचाच वंशज होय.

यावर असें म्हटलें जाईल कीं ग्राहक आयोग आहेच. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ज्या पुण्यांत ग्राहक पंचायत स्थापन केली, तेथें हें विसरून चालणार नाहीं. शिवाय २०१९ च्या कायद्यानें ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणीं तक्रार करण्याची मुभा दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. जें ॲप फुकट मिळतें आणि ज्याचा मोबदला माहितीच्या रूपानें नकळत घेतला जातो, त्याचा वापर करणारा ग्राहक आहे काय? दुसरा आक्षेप जुना आहे: १८७९ च्या कायद्यानें सावकार हात आखडता घेऊं लागले, तशा या कंपन्याही घेतील. घेतील कदाचित्. औषधांचें ॲप ओळखींची यादी मागण्याबाबत हात आखडता घेईल, तर त्यांत रडण्यासारखें मला कांहीं दिसत नाहीं.

भाषेच्या बाजूनें एक काम मात्र आपल्या लोकांनीं आतांच करण्याजोगें आहे. मुदत संपतांच शेंकडों कंपन्या मराठी सूचना काढतील, आणि तीं भाषांतरें यंत्राकडून होतील हें सांगावयास ज्योतिषी नको. ‘सामायिक’ ऐवजीं ‘दुसऱ्यांना देऊं’ असें लिहावें, देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव घालावें, ‘शकते’ गाळावें. एवढें झालें तरी निम्मी संहिता लोक वाचूं लागतील, आणि उरलेली वाचून नकार देतील. परिभाषेच्या समित्यांना येथें नवा शब्द घडवावयाचा नाहीं. वाड्यांत, बाजारांत, तलाठ्याच्या चावडींत जे शब्द चालू आहेत तेच परत आणावयाचे आहेत.

मावशीनें शेवटीं चौकोनांत खूण केली नाहीं. औषधें पूर्वीप्रमाणें कोपऱ्यावरच्या दुकानांतून येतात. परवां त्या दुकानदारानें बिल करतांना तिला मोबाईलचा नंबर विचारला. कशासाठीं, असें तिनें विचारलें. बिचाऱ्याला कारण सांगतां येईना. नंबर घातल्याशिवाय संगणक बिलच काढीत नाहीं, एवढेंच तो म्हणाला.