‘गह’ म्हणजे आकाशातील ग्रह नव्हे

धम्मपदाच्या मलवग्गातील २५१ वी गाथा अवघ्या चार चरणांची आहे. राग, दोस, मोह आणि तण्हा या विकारांसाठी तीत अग्नी, ‘गह’, जाळे व नदी ही प्रतीके योजिली आहेत. मराठी वाचकाला येथे ओळखीचे शब्दच चकवतात. पाली ‘राग’ म्हणजे क्रोध नव्हे, आसक्ती होय. ‘दोस’ म्हणजे येथे दोष नव्हे, द्वेष होय. ‘गह’ तर ‘ग्रह’ असा वाचला, की द्वेषाचा संबंध थेट कुंडलीशी जडतो.

वस्तुतः ‘गह’ म्हणजे पकडणारा. यक्ष, अजगर, मगर यांची पकड एका जन्मापुरती. द्वेषाची तशी नव्हे, असे अट्ठकथा सांगते. तिच्या मते रागाग्नी धूरही न दाखविता आतून जाळतो, आणि गंगा कधी भरते, कधी आटते, पण तण्हा सदैव अपुरीच राहते. प्रतीके बाहेरच्या सृष्टीतील असली, तरी संकट चित्तातलेच आहे.

अट्ठकथेतील निदानकथेत धम्म ऐकावयास आलेल्या पाच उपासकांपैकी एक आकाशाकडेच पाहत बसतो; तो पूर्वजन्मीचा नक्षत्रपाठक. पूर्वजन्माचा भाग बाजूस ठेवला, तरी ‘गह’चा अर्थ आकाशात शोधणाऱ्या वाचकाची स्थिती आम्हांस याहून निराळी वाटत नाही. पकड ग्रहाची मानली, की माणूस ग्रहशांतीकडे वळतो. ती आपल्याच चित्ताची आहे हे उमगले, की मैत्रीभावनेचा मार्ग खुला होतो.