क्षेत्र वाढले तरी सावरणारी अतिवाहकता

चुंबकीय क्षेत्र वाढले की अतिवाहकता ढासळते, हे पाठ्यपुस्तकी विधान आम्हांस अपुरे वाटते. छिद्रे पाडलेल्या पातळ धातुपटलात ती खालावते, ठरावीक क्षेत्राला पुन्हा काहीशी सावरते. छिद्रांना कालव्याच्या दारांची उपमाही फसवी. बारामती-इंदापुरास नीरा डाव्या कालव्याचे पाणी हवे तितके सोडता येते (निदान तत्त्वतः!), छिद्राभोवतीचा हिशेब मात्र अभिवाहाच्या पूर्ण पुंजांतच जुळावा लागतो. तफावत भरण्यास छिद्राभोवती विद्युतधारा फिरते. तिच्या ऊर्जेपायी क्रांतिक तापमान घटते. लिटल व पार्क्स यांनी १९६२ साली कथलाच्या पोकळ नळीवर हे दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निओबियम नायट्राइडच्या छिद्रित पटलांवर प्रयोग झाले आहेत. छिद्रे १०० नॅनोमीटर अंतरावर चौरसाकृती मांडली, तर पहिला मेळ सुमारे ०.२ टेस्लाला बसतो.