‘एकच प्याला’तील भगीरथ

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात दारू सोडून माणसांत येणारा एक मनुष्य आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी राहत नाही. नाटकाचे नाव निघताच सुधाकराचा अधःपात, सिंधूचे पातिव्रत्य आणि तळीरामाचा विनोद आठवतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थीही तळीरामाची वाक्ये तोंडपाठ म्हणून दाखवितात. भगीरथ कोण, असे विचारले म्हणजे एकमेकांकडे पाहू लागतात. प्रेमभंगाच्या दुःखाने आर्यमदिरामंडळात येऊन बसलेला हा तरुण रामलालाच्या सांगण्याने प्याला टाकतो व लोकसेवेस लागतो. म्हणजे, एकदा प्याल्यास ओठ लागले की सुटका नाही, हा जो सिद्धान्त नाटककाराने सुधाकराच्या मुखाने इतक्या आवेशाने मांडला, त्यास बाध आणणारा साक्षीदार त्याने त्याच नाटकात उभा केला आहे.

ही विसंगती केवळ नाट्यशास्त्राची बाब असती तर आम्ही तिच्या वाटेस गेलो नसतो. परंतु ज्या घरात कोणी दारू सोडण्यासाठी धडपडत असतो, तेथे ‘एकदा लागली ती सुटायची नाही’ हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून आजही ऐकू येते, आणि त्यास या नाटकाची साक्ष काढण्यात येते.

सुधाकरास दारूविषयी काय ठाऊक नाही? मद्यपी पायरीपायरीने कसा उतरत जातो, हे तो रामलालास अशा काही ओघाने समजावून देतो की, एखाद्या वैद्यानेही ऐकत बसावे. मात्र या साऱ्या वक्तृत्वात सुधाकर नावाच्या मनुष्याविषयी एक अक्षरही नाही! कोर्टात मुन्सफाशी खटका उडाला, सनद काही काळापुरती गेली. तो अपमान गिळण्यासाठी त्याने पहिला प्याला घेतला. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीसाठी प्रतिष्ठितांचे उंबरठे झिजवितो, तेथे अवहेलना होते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा ठेच लागली ती अभिमानासच. दारूचे सामर्थ्य त्याने ओळखले, परंतु आपला हा दुखरा भाग त्याने कधी चाचपून पाहिला नाही. त्या उंबरठ्यांवरील सभ्य गृहस्थांचा दोष आम्ही कमी लेखत नाही. तथापि तसे उंबरठे प्रत्येक सुधारू पाहणाऱ्याच्या वाट्यास येतातच. आत्मपरीक्षण नाटकात आहे, पण ते रामलालाचे. शरदेविषयीचा आपल्या मनातील विकार तो ओळखतो आणि शरमतो. हे उपकथानक पुष्कळांना ठिगळासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. निर्व्यसनी मनुष्यासही स्वतःस फसविता येते, हे त्यावाचून कळले नसते.

आर्यमदिरामंडळास आपण पोट धरून हसतो. परंतु दारुड्यास कोणताही प्रश्न न विचारता जवळ बसवून घेणारी, साऱ्या नाटकातील ती एकमेव जागा आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरांच्या व्यवहारातला गृहस्थ आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य यांची गाठ पडली. दोघेही दारूने पोळलेले. त्यांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ निघाले, आणि त्याची मांडणी पाहिली तर ते मंडळच आहे. फक्त मेजावर प्याले नाहीत. तेथे जन्मभराची शपथ नसते, आजच्या दिवसापुरता संयम असतो. आपल्या दोषांचा हिशेब स्वतः लिहावयाचा, दुसऱ्या मनुष्यापुढे तो उघड करावयाचा, आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तेवढी भरपाई करावयाची. सुधाकराच्या भरजरी भाषेला तेथे फारसे काम नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने मुक्तांगण सुरू केले, तेथेही औषधाइतकेच महत्त्व एकमेकांपुढे बोलण्यास आले.

सिंधूविषयी लिहिताना लेखणी अडखळते. बालगंधर्वांनी फाटक्या लुगड्यात उभी केलेली सिंधू महाराष्ट्राने देव्हाऱ्यात बसविली आहे. परंतु मरता मरता पोलिसांपुढे पतीचा अपराध झाकणारी ही साध्वी त्याच्यासमोर आरसा धरीत नाही. घरच्या माणसांनी झाकपाक केल्याने व्यसन लांबते, असे आज जाणते सांगतात. गडकऱ्यांस हे दोषास्पद वाटले नाही. त्यांच्या काळी कोणासच वाटले नसावे.

आमची खरी तक्रार भगीरथाविषयीच आहे. रामलाल बोलतो आणि भगीरथ बदलतो, इतक्या झटपट! थरथरणारे हात, न लागणारी झोप, जुन्या सोबत्यांची हाक यांतले काहीच आपणांस दिसत नाही. सुधाकराच्या उतरणीची पायरी न् पायरी रंगविणाऱ्या लेखणीने चढणीला मोजकेच प्रवेश दिले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरास वारले, तेव्हा ते अवघे तेहतीस वर्षांचे होते, आणि गंधर्व नाटक मंडळीने रंगविलेले हे नाटक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.