टर्की न येणारी नशा

अनिल अवचटांचे 'गर्द' मराठी मध्यमवर्गाने हळहळत वाचले आणि व्यसनी माणसाचे एक चित्र मनाशी पक्के केले: अंग मोडून आलेला, नाकडोळे गळणारा, टर्कीने तळमळणारा तरुण. 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, तेही ब्राउन शुगरच्या त्याच लाटेत. चित्र खरेच होते. माझा आक्षेप पुस्तकावर नाही, आपल्या वाचनावर आहे. त्या एका चित्रावरून आपण पुढची प्रत्येक नशा ओळखू पाहतो.

नेरूळमधल्या माझ्या परिचयाच्या एका घरातला मुलगा मेफेड्रोन, म्हणजे एमडी, घेत असे. बंद केल्यावर तो दोन दिवस नुसता झोपून होता. ना उलट्या, ना थरथर. 'गर्द' वाचलेली त्याची आई म्हणाली, "टर्की आलीच नाही, म्हणजे फार आहारी गेला नव्हता." मीही मान डोलावली. तीन आठवड्यांत तो पुन्हा घेऊ लागला.

आमची चूक समजायला मेंदूत डोकवावे लागते. ब्राउन शुगरमधले हेरॉइन ओपिऑइड ग्राहकांवर काम करते. एमडीचे लक्ष्य वेगळे: चेतापेशींवरची 'वाहक' प्रथिने. वाशीच्या बाजार समितीतला माथाडी डोळ्यांपुढे आणा. पेशीने बाहेर सोडलेले डोपामिन उचलून पुन्हा आत नेणे, हे वाहकाचे काम. असे पुनर्ग्रहण नॉरॲड्रिनॅलिनच्या बाबतीत दाखवणाऱ्या ज्युलियस ॲक्सलरॉड यांना 1970 मध्ये नोबेल मिळाले. कोकेन या माथाडीची वाट अडवते. माल बाहेरच साचतो. एमडी अधिक कावेबाज. ते स्वतःच पोते होऊन त्याच्या पाठीवरून आत शिरते आणि त्याची चाल उलटवते. मग तो आतलाच माल बाहेर काढू लागतो. डोपामिन आणि सेरोटोनिन, दोन्ही. उत्साह, जागरण, आवळलेला जबडा हे सगळे त्यातून येते. पुढे उरते सुस्ती, खिन्नता आणि ओढ. घरच्यांना तो आजार वाटत नाही, आळस वाटतो. हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिन तरी आहे. उत्तेजकांसाठी तसे प्रस्थापित औषध नाही. सगळा भार समुपदेशनावर आणि सोबतीवर.

फेब्रुवारी 2015 मध्ये मेफेड्रोन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. बातम्यांतून त्याचे किलो आणि कोटी कळतात, माणूस कळत नाही. अवचट गर्दुल्ल्यांजवळ बसले, त्यांचे ऐकले, म्हणून ती नशा आपल्याला दिसली. एमडीजवळ तसे कुणीतरी बसायला हवे. तोवर त्या आईला तेव्हा न सांगितलेली गोष्ट इथे लिहून ठेवतो: ती झोप म्हणजे सुटका नव्हती, खरी राखण तिथून सुरू व्हायला हवी होती.