घर कुणाच्या नावावर?

फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांचा १९९२चा लेख मी वाचला तो मोडनिंबला, मोबाइलवर, पीडीएफ दोन बोटांनी मोठी करत. आत्याची मुलगी मार खाऊन माहेरी आली होती. मी इंजिनियर, म्हणून ‘जरा नेटवर बघ’ हे काम माझ्याकडे.

‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला हा लेख १९८० ते ८९ या दशकातल्या स्त्रीविषयक कायद्यांचा हिशेब मांडतो. बलात्कार, हुंडा, ४९८अ. आंदोलन झालं की सरकारने कायदा द्यायचा, शिक्षा वाढवायची. कोर्टात मात्र फारसं काही हलायचं नाही. सूर तिरकस आहे, आणि चळवळीतल्या आपल्याच माणसांनाही बाई सोडत नाहीत. त्या स्वतः मारहाणीच्या संसारातून बाहेर पडल्या, मग वकील झाल्या. लेखात कोरडेपणा नाही तो त्यामुळेच असावा.

पण ताईचा प्रश्न साधा होता. “त्याला आत टाकलं तर मी राहू कुठं?” ४९८अकडे याचं उत्तर नाही. ते २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आलं : संरक्षण, निवास, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, सगळं एकाच अर्जात. शिक्षेकडून निवाऱ्याकडे हा जो सरक झाला, त्यात असल्या लेखनाचा वाटा मला मोठा वाटतो.

पुढची गंमत बघा. कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला आणि दोन महिन्यांच्या आत बत्रा खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, घर सासूच्या मालकीचं, सुनेचा त्यावर हक्क नाही. आमच्याकडे घराचा उतारा सुनेच्या नवऱ्याच्या नावावर असतो तरी का? एका पॅचने अख्खं फीचर बंद! अभ्यासक टीका करत राहिले, आणि १५ ऑक्टोबर २०२०ला आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते म्हणणं चुकीचं ठरवलं. तोवर चौदा वर्षं गेली. तोही हक्क कायमचा नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजू कोर्ट बघतंच.

लेख मला तोकडा वाटतो तो एकाच ठिकाणी. कलम आणि निकाल यांमधली दरी त्यात आहे, मोडनिंब आणि माढा यांमधली नाही. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं नवा कायदा सांगतो. तारखेला रोज बुडतो, सोबतीला कुणी नसतं, हे कुठल्या कलमात बसवायचं? देशभराच्या आढाव्याकडून ही अपेक्षा जास्तीची असेल, पण वाचताना डोक्यात तेच होतं.

आहुजा निकालाचं एक पान मी ताईला मराठीत लिहून दिलं. तिने दोनदा वाचलं.

“हे आपल्या वकिलाला ठाऊक असंल का रे?”