कानात राहिलेली ठेव

एखाद्या जलशात ऐकलेले आणि पुढे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत न सापडलेले गाणे रसिकाच्या मनाला एक विलक्षण चुटपुट लावून जाते. चार शब्द, वळण घेत वर चढणारी एक सुरावट आणि त्या रात्रीची हवा, एवढेच हाती उरते. नाव ठाऊक नसते. गायकाने ते सांगितलेले नसते किंवा टाळ्यांच्या गजरात ते ऐकू आलेले नसते. मग शोध सुरू होतो. त्या रात्री आणखी कोण हजर होते, कोणी गुपचूप ध्वनिफीत केली होती काय, रंगमंचावर चिकटवलेली गीतयादी कोणी उचलून नेली काय, याची विचारपूस होते. दोघांच्या आठवणी जुळतात, तिसऱ्याची जुळत नाही. शब्दांवरून वाद होतात आणि पुष्कळदा तिघांनीही निरनिराळेच ऐकलेले असते.

हा छंद वरकरणी पोरकट वाटला, तरी त्याच्या मुळाशी आस्वादाचा एक गंभीर प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. स्मरणात राहिलेले गाणे कोणाचे? गाणाऱ्याचे की ऐकणाऱ्याचे?

'रेडिओहेड' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या रसिकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे अनुभवला. १९९६ साली अलानिस मॉरिसेट या गायिकेच्या अमेरिका दौऱ्यात हा वृंद आरंभीचा कार्यक्रम करीत असे. त्या काळात त्यांनी 'लिफ्ट' हे गाणे अनेकदा गायिले. १९९७ सालच्या 'ओके कॉम्प्युटर' या संग्रहात ते येईल, अशी रसिकांची अपेक्षा होती. ते आले नाही. ते लोकांना सहज भुरळ घालील आणि आपली वाटच बदलून टाकील, ही धास्ती त्यामागे होती, अशा अर्थाचे उद्गार त्यांचे गिटारवादक एड ओब्रायन यांनी पुढे काढले. तोवर श्रोत्यांनी केलेल्या खरखरत्या ध्वनिफितींवरच ते जगले. अधिकृतपणे ते प्रसिद्ध झाले २०१७ साली. दुसऱ्या एका गाण्याला रसिकवर्तुळात 'बिग आयडियाज' हे नाव पडले होते. दहाएक वर्षांनी, २००७ साली, ते 'न्यूड' या नावाने प्रकट झाले. ज्याने जुन्या नावाने शोध घेतला असेल, त्याला ते सापडावे कसे?

परंतु खरी कसोटी लागते ती गाणे सापडल्यावर. 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणे थॉम यॉर्क यांनी १९९५ सालच्या डिसेंबरात ब्रुसेल्स येथे प्रथम गायिले. पुढे ते एकट्या गिटारच्या साथीने गात राहिले आणि २००१ साली त्याचे जलशातील ध्वनिमुद्रण प्रसिद्धही झाले. रसिकांनी ते गिटारसह हृदयाशी धरले. २०१६ साली 'अ मून शेप्ड पूल' या संग्रहाच्या अखेरीस ते आले, तेव्हा गिटार नाहीशी झाली होती. एकमेकांवर तरंगत येणारे पियानोचे स्वर आणि थकलेला आवाज, एवढेच उरले होते. कित्येकांना आपले गाणे कोणी हिरावून नेल्यासारखे वाटले. आमचे मत निराळे आहे. पहिले गाणे विनवणी करते. दुसरे गाणे विनवणी संपल्यावरच्या शांततेत उभे राहते. वीस वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ते गाणे पहिल्यासारखे गाता येणे शक्यच नव्हते. मनातल्या प्रतीशी जुळत नाही म्हणून जो मूळ गायकालाच खोटे ठरवतो, तो गाण्यावर प्रेम करीत नसून स्वतःच्या आठवणीवर करीत असतो.

आमच्या वाचकांना हे जग दूरचे वाटेल. तथापि हाच प्रश्न ख्रिस्तसभेच्या अंगणात साडेतीनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. रोमच्या सिस्टाईन चॅपेलमध्ये पवित्र सप्ताहात एकेक मेणबत्ती विझवीत जी टेनेब्रीची उपासना होई, तिच्या शेवटी ग्रेगोरियो अल्लेग्री यांचे 'मिसेरेरे' गायिले जाई. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेले हे एक्कावन्नाव्या स्तोत्राचे गायन पोपमहोदयांच्या गायकवृंदाने आपल्यापाशीच राखले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते 'अप्रकाशित' गाणे होते. ऐकायचे तर रोमला जावे लागे.

चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीत-इतिहासकाराने एक मार्मिक कथा नोंदवून ठेवली आहे. सम्राट पहिले लिओपोल्ड यांनी या रचनेची प्रत रोमहून मागवून घेतली. दरबारच्या निष्णात गायकांनी ती गायिली, तेव्हा ती अगदीच साधी, निस्तेज वाटली. आपल्याला भलतीच रचना पाठवून फसवले, अशा समजुतीने सम्राटांनी तक्रार केली आणि बिचाऱ्या गायकप्रमुखाची नोकरी गेली. पुढे उलगडा झाला तो असा, की कागदावरचे स्वर बरोबरच होते. त्यांवरचे अलंकार मात्र कागदावर नव्हते. ते एका गायकाकडून दुसऱ्याकडे कंठोकंठ चालत आलेले होते.

१७७० सालच्या एप्रिलमध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट वडिलांसह तेथे गेला, 'मिसेरेरे' ऐकले आणि बिऱ्हाडी येऊन स्मरणाने लिहून काढले. वडिलांच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. रचना बाहेर नेणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा होती, ही कथा आजच्या अभ्यासकांना पटत नाही. पोप चौदावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी मोझार्टला 'गोल्डन स्पर' हा किताब दिला. आम्हांस मोलाचा वाटतो तो या प्रसंगातला एक लहानसा तपशील. शुभ शुक्रवारी तो मुलगा आपले लिखाण घेऊन पुन्हा तेथे गेला आणि आपल्या चुका त्याने दुरुस्त केल्या, असे सांगतात. प्रतिभा पहिल्या भेटीत दिसली; प्रामाणिकपणा दुसऱ्या भेटीत.

हा दुसरा फेरा चुकला की काय होते, हेही याच रचनेने दाखवून दिले. मेंडेल्सोन यांनी १८३१ साली रोममध्ये जे ऐकले, ते वरच्या पट्टीत टिपले होते. त्यातला एक तुकडा १८८० च्या सुमारास ग्रोव्ह यांच्या संगीतकोशात भलत्या ठिकाणी जोडला गेला. पुढच्या प्रती त्यावरून तयार झाल्या. १९५१ सालची आयव्हर ॲटकिन्स यांची प्रत आणि १९६३ सालचे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे ध्वनिमुद्रण यांतून तो उंच, काचेसारखा स्वर जगभर गेला. ज्या स्वरासाठी आज लोक 'मिसेरेरे' ऐकतात, तो अल्लेग्री यांचा नव्हेच.

मग तो स्वर टाकून द्यावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्या स्वराने कित्येकांना प्रार्थनेकडे नेले असेल. चुकीतूनही कृपा वाट काढते. मात्र त्या स्वराला अल्लेग्री यांचे नाव देऊ नये. प्रेमाला खोट्या दाखल्याची गरज नसते. स्मरण ही मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. आणि ठेव सांभाळणाऱ्याने हिशेब तपासून घेण्यास तयार असावे. आपली आठवण चुकीची असू शकेल, एवढी नम्रता असेल तरच शोध सार्थ ठरतो.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची कथा तरी काय आहे? १६१६ साली ते छापले गेले. त्या काळची छापील प्रत आज उपलब्ध नाही. हाताने उतरवलेल्या पोथ्यांनी आणि ओव्या म्हणणाऱ्या कंठांनी ते तारले. आपल्या धर्मग्रामांतही अशी गीते आहेत, की जी कोणत्याच पुस्तकात नाहीत आणि एखाद्या आजीला तेवढी येतात. ती उतरवून घ्यावीत. आणि उतरवून झाल्यावर कागद घेऊन दुसऱ्या आजीकडे जावे. तिचे शब्द वेगळे निघाले, तर तेही शेजारी लिहून ठेवावेत.